पडलेला गड आणि पाडलेला गड : भग्नावशेषांच्या निसर्गचित्रणाविषयी काही विचार

१

मराठीत ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. पहिल्यास कर्त्याच्या हेतूची गरज नाही. दुसऱ्यास कर्ता लागतोच. भिंत पडते, बुरूज ढासळतो, वाडा मोडकळीस येतो, ही वाक्ये उच्चारताना आपण कोणावरही काही आरोप करीत नाही. भिंत पाडली, बुरूज फोडला, वाडा उद्ध्वस्त केला असे म्हटले, की ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. भग्न वास्तू हा निसर्गचित्राचा विषय होतो तेव्हा या दोन क्रियापदांमधील भेद पुसला जातो, असे मला वाटते. हा भेद चित्रकाराच्या अकौशल्यामुळे पुसला जात नाही. निसर्गचित्र ज्या दृष्टीने घडत आले, त्या दृष्टीचाच तो परिणाम आहे. आणि मराठीच्या अभ्यासकांनी याकडे लक्ष देण्याचे कारण असे, की चित्रातील ही उणीव पुष्कळ अंशी आपल्या वाङ्मयातील एका रिकाम्या जागेतून आलेली आहे. प्रस्तुत लेखात हा मुद्दा चिखलदऱ्यालगतच्या गाविलगडाच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदरा हे विदर्भातील थंड हवेचे ठिकाण म्हणून सर्वपरिचित आहे. निसर्गचित्रणासाठी तेथे जाणाऱ्यांना ढग, दऱ्या, पावसाळी धुके आणि त्या धुक्यात अर्धवट दिसणारी गाविलगडाची तटबंदी असे सर्व साहित्य एकाच जागी मिळते. चित्रात गड बहुधा मध्यभूमीच्या मागे येतो. निळसर करड्या रंगाची तटाची रेघ, एखादी कमान, जामा मशिदीच्या कोपऱ्यावरील जाळीदार छत्री आणि पुढे हिरवळ. हे चित्र सुंदर असते, यात शंका नाही. माझा आक्षेप त्याच्या सौंदर्याला नाही. या सौंदर्यात गडाची जी अवस्था गृहीत धरलेली असते, तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे. हा गड काळाच्या ओघात जीर्ण झाला, निसर्गाने त्याला हळूहळू आपल्या कुशीत घेतले, असे ते चित्र सुचविते. वस्तुस्थिती तशी नाही.

२

फिरिश्त्याच्या वृत्तान्तानुसार बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधविला. गवळ्यांची जुनी वस्ती तेथे होती आणि गडाचे नाव त्यांच्यावरून आले, असे मानले जाते. पुढे फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने गडाची डागडुजी केली आणि १४९० मध्ये वऱ्हाडची इमादशाही स्वतंत्र झाली. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातील हिंदू घराण्यातला, लहानपणी कैद होऊन बहमनी सेवेत आलेला. गडाच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना पकडलेला गंडभेरुंड कोरलेला आहे, तो या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. विजयनगरचे चिन्ह, बहमनी बांधणी आणि सातपुड्याचा दगड एका दरवाजावर एकत्र आले आहेत. बहराम बुरुजावरील लेख १५७७ सालचा आहे. इमादशाहीनंतर निजामशाही, मोगल आणि नागपूरकर भोसले अशा सत्ता या गडाने पाहिल्या.

१८०३ च्या २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि भोसल्यांच्या फौजेने गाविलगडाचा आश्रय घेतला. आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हनसन यांनी गडाला वेढा दिला. स्टीव्हनसनच्या तुकड्यांनी तोफा डोंगरवाटांनी ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या. तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पडले आणि १५ डिसेंबर रोजी गड पडला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसह लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. या तहाने वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. गाविलगड व नरनाळा मात्र त्यांच्याकडेच राहिले आणि १८२२ मध्ये निजामाकडे गेले. १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचे पठार इंग्रजांच्या दृष्टीस आणले. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात आले. त्याच वर्षी गाविलगड निकामी करण्यात आला. लढणाऱ्या कोणाच्या हाती हा गड पुन्हा लागू नये, हा त्यामागील हेतू होता.

म्हणजे, आज आपण ज्याला भग्नावशेष म्हणतो त्याच्या भग्नतेला किमान दोन निश्चित वर्षे आहेत, १८०३ आणि १८५८. उरलेले काम पाऊस, झाडांची मुळे आणि माणसांची उपेक्षा यांनी केले. गाविलगड पडला हे खरे. पण त्याआधी तो पाडला गेला. निसर्गचित्र पहिले वाक्य सांगते आणि दुसरे गाळते.

३

ही दृष्टी आली कोठून? अठराव्या शतकातील युरोपात भग्नावशेषांचे चित्रण हा एक स्वतंत्र प्रकारच झाला होता. पिरानेसीने रोमच्या अवशेषांची मुद्राचित्रे केली. ह्यूबेर रोबेरच्या अवशेषचित्रांवर दिदेरोने १७६७ च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने विस्ताराने लिहिले. पुढे १७९६ मध्ये याच रोबेरने लूव्रचे दालन भविष्यकाळी कोसळलेले कल्पून रंगविले. इंग्लंडात विल्यम गिल्पिनने चित्रसुंदर दृश्याचे नियम सांगितले. टिंटर्नच्या मठाविषयी लिहिताना, त्याच्या फार नियमित दिसणाऱ्या काही त्रिकोणी भिंती कोणी हातोड्याने विचारपूर्वक फोडल्या तर दृश्य अधिक चांगले होईल, असे त्याने सुचविले होते. या सूचनेत विनोदाचा अंश असेलही. परंतु तीत एक सत्य आहे. वास्तू कोणत्या कारणाने फुटली याच्याशी चित्रसौंदर्याला कर्तव्य नसते. ती योग्य ठिकाणी फुटलेली असावी, एवढेच त्याला हवे असते.

हीच दृष्टी घेऊन थॉमस व विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे भारतात हिंडले. त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’चे १४४ मुद्राचित्रांचे संच १७९५ ते १८०८ या काळात प्रसिद्ध झाले. कालखंड लक्षात घेण्याजोगा आहे : गाविलगडाच्या तटाला ज्या वर्षी खिंडार पडले, त्याच काळात हिंदुस्थानातील देवळे, मशिदी व किल्ले यांची दृश्ये लंडनमध्ये विकली जात होती. पुढे बुलढाण्यास अधिकारी म्हणून आलेला मेडोज टेलर स्वतः दृश्यचित्रे काढणारा होता. त्याची दख्खनची रेखाटने १८३७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तोफखाना आणि रंगपेटी एकाच छावणीत होत्या, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि, एवढ्यावरून ही दृष्टी निव्वळ परकी व त्याज्य आहे असे म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही. याच दृष्टीमुळे अवशेषांची नोंद झाली आणि पुढे संरक्षणाचा विचार आला. रॉबर्ट गिलने १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात आयुष्य वेचले. त्यांतील बहुतेक १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात ते काम पुन्हा केले. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या कलाशाळेच्या घडणीत प्राचीन अवशेषांसमोर बसून केलेल्या या कामाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे प्रश्न देशी की विदेशी असा नाही. या दृष्टीत काय दिसते आणि काय दिसत नाही, एवढाच प्रश्न आहे.

४

आपल्या परंपरेत भग्न वास्तूकडे पाहण्याची रीत कोणती होती? कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या सोळाव्या सर्गात उजाड अयोध्येचे वर्णन येते. नगरीची अधिदेवता कुशापुढे येऊन आपली दुरवस्था सांगते. भिंतीवर रंगविलेल्या हत्तींना खरे समजून सिंह त्यांच्यावर पंजे मारतात, खांबांवरील स्त्रीमूर्तींना सापांच्या कातीच वस्त्रे झाल्या आहेत, असे तपशील त्यात आहेत. चित्रकाराला मोह पडावा असे हे तपशील आहेत. पण त्यांचा हेतू वाचकाला रमविण्याचा नाही. ते गाऱ्हाणे आहे. त्याची परिणती कुशाने अयोध्येस परतून नगरी पुन्हा वसविण्यात होते. भग्नता ही येथे पाहत बसण्याची गोष्ट नसून काही करण्याची हाक आहे. जीर्णोद्धाराची कल्पना आणि खंडित मूर्ती पूजेत न ठेवण्याची रूढी याच वृत्तीतून आली आहे.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे, मराठीतले आणि अंशतः याच जिल्ह्यातले आहे. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरांच्या संचाराने पावन झालेल्या स्थानांची नोंद आहे. देऊळ कोणत्या तोंडाचे, मठ कोणत्या दिशेस, आसन नेमके कोठे, हे त्यात दिशादिशांनी सांगितले आहे. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेला हा ग्रंथ आपण भाषेच्या व पंथेतिहासाच्या अंगाने शिकवितो; परंतु स्थळाकडे पाहण्याची एक स्वतंत्र मराठी रीत म्हणून त्याच्याकडे पाहिले पाहिजे. येथे दृश्य नाही, क्षितिज नाही, छायाप्रकाश नाही. येथे आहे ते साक्षित्व : या ठिकाणी हे घडले. देऊळ पडले तरी स्थान पडत नाही, कारण त्याचे वाक्य शिल्लक राहते. ‘ऋद्धपूरवर्णना’चा विषय असलेले रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. ज्या प्रदेशात स्थळाला एवढ्या नेमकेपणाने शब्द देणारी परंपरा होऊन गेली, त्याच प्रदेशातील सर्वांत मोठ्या गडाला मात्र मराठीत असे वाक्य मिळाले नाही.

५

माझे मुख्य प्रतिपादन येथे येते. रायगडाचे किंवा राजगडाचे निसर्गचित्र कितीही धूसर असले तरी मराठी प्रेक्षक त्यात नुसते दगड पाहत नाही. बखरी, पोवाडे, कादंबऱ्या, प्रवासवर्णने यांनी ते दगड बोलते केलेले असतात. चित्रकाराने जे गाळले ते प्रेक्षकाची स्मृती भरून काढते. गाविलगडाच्या बाबतीत अशी स्मृती सर्वसामान्य मराठी वाचकापाशी नाही. हा गड शिवकालाच्या कथेत बसत नाही. तो बहमनी, इमादशाही, मोगल आणि भोसले यांचा आहे. त्याचा शेवटचा किल्लेदार राजपूत होता. त्याच्या भोवतीचे रान कोरकूंचे आहे. इतक्या हातांचा गड कोणा एकाच्या अभिमानाचा विषय होत नाही. त्यामुळे तो उरतो फक्त देखाव्यापुरता. चिखलदऱ्यास येणाऱ्याला कीचकाची कथा सांगितली जाते, भीमकुंड दाखविले जाते. बेनीसिंगाचे नाव सांगणारा क्वचितच भेटतो.

गो. नी. दांडेकर यांचे उदाहरण या संदर्भात मनात येते. मराठीतील या थोर दुर्गप्रेमी लेखकाचा जन्म १९१६ मध्ये परतवाड्यास, म्हणजे चिखलदऱ्याच्या पायथ्याशी झाला. वऱ्हाडच्या मातीचे आणि बोलीचे ऋण त्यांनी ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये फेडले. परंतु त्यांच्या दुर्गलेखनाचे हृदयस्थान राजगड–रायगडच राहिले. यात त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही; लेखकाची ओढ ही त्याची स्वतःची असते. तरीही गाविलगडाच्या सावलीत जन्मलेल्या माणसालादेखील ‘गड’ म्हटले की सह्याद्री आठवावा, यावरून मराठी दुर्गस्मृतीचा कल कोणत्या दिशेला आहे हे कळते. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. ही आनंदाची गोष्ट आहे. त्या बारांत विदर्भातील एकही किल्ला नाही आणि त्या संकल्पनेची चौकट पाहता तो असण्याची अपेक्षाही नव्हती. प्रश्न यादीचा नाही. जो किल्ला कोणत्याच कथेत बसत नाही, त्याच्यासाठी आपल्यापाशी ‘रम्य’ या विशेषणाखेरीज दुसरा शब्द आहे का, हा प्रश्न आहे.

चित्रातील मौन हे वाङ्मयातील मौनाचे प्रतिबिंब आहे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

६

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. चित्र हे रंग, रेषा व आकार यांच्या संबंधांतून सिद्ध होते. गडाचा इतिहास हा चित्रबाह्य तपशील आहे, असे कैवल्यवादी भूमिकेवरून म्हटले जाईल. मर्ढेकरांनी संवाद, विरोध व समतोल यांवर आधारलेली लयकल्पना मांडली, तिच्या आधारे असा युक्तिवाद करता येतो. तो हलका नाही. इतिहासाचे ओझे घातल्याने वाईट चित्र चांगले होत नाही, हे मलाही मान्य आहे.

परंतु रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त दाखविल्याप्रमाणे आपला कलाव्यवहार कैवल्यवादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये वावरतो, त्यांपैकी एक ध्रुव पुसून टाकता येत नाही. भग्नावशेषाचे चित्र तर याचे ठळक उदाहरण आहे. ‘भग्न’ हा शब्दच लौकिक आहे. पूर्वी काही अखंड होते आणि आता ते तसे नाही, हे ज्ञान नसेल तर समोरची आकृती केवळ वेडीवाकडी रेषा ठरेल. त्या चित्रातून मिळणारी उदासी, कालाची जाणीव, शांती हे सर्व या लौकिक ज्ञानावर उभे असते. म्हणजे भग्नावशेषाचा चित्रकार इतिहास घेतोच. तो फक्त अर्धा घेतो. ‘होते, आता नाही’ एवढे घेतो आणि ‘कसे नाहीसे झाले’ हे सोडतो. कैवल्यवादाचा आधार घेऊन अर्ध्याच इतिहासाचा लाभ उठविणे हे मला तर्कदृष्ट्या सुसंगत वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा, की चित्राने ‘पाडले’ हे क्रियापद दाखवावे कसे? चित्राला व्याकरण नसते. हेही अंशतःच खरे आहे. तोफेने पडलेले खिंडार आणि मुळांनी उचकटलेला दगड यांचे आकार सारखे नसतात. जो चित्रकार गडाकडे पाचशे पावले जवळ जातो, त्याला हा भेद दिसू शकतो. कोल्हापूरच्या आबालाल रहमान यांनी रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ या परिसराची चित्रे पुन्हापुन्हा काढली. रंकाळ्याच्या पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ म्हणजे वस्तुतः दूरचे रम्य दृश्य होण्यास सर्वस्वी अनुकूल विषय. परंतु तेथे रोज जाणाऱ्या, ते गाव आपले मानणाऱ्या माणसाने ती जागा पाहिलेली आहे. सहवासामुळे पाहण्यात फरक पडतो. सुटीच्या चार दिवसांत आलेल्या डोळ्यांना गाविलगड धुक्यातच दिसणार.

वऱ्हाडातील गढ्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. पांढऱ्या मातीची पडकी गढी वऱ्हाडच्या कितीतरी गावांत आहे. लोक तिची माती घरे लिंपायला नेतात, मुले तिच्यावर खेळतात, म्हातारी माणसे कोणत्या बुरुजाचे काय झाले ते सांगतात. ही भग्न वास्तू अजून व्यवहारात आहे. चित्रकारांचे लक्ष मात्र तिच्याकडे क्वचितच जाते, कारण ती ‘दृश्य’ नाही, शेजार आहे. गाविलगडाचे चित्रण गढीकडे पाहावे तसे व्हावे, अशी माझी अपेक्षा आहे.

७

हे सर्व आजच मांडण्याचे कारण आहे. गड केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि मेळघाटच्या जंगलाने वेढलेला आहे. संरक्षणाची कायदेशीर चौकट असली तरी प्रत्येक पावसाळा काही दगड घेऊनच जातो. उलट बाजूने, पर्यटनाच्या उत्साहात डागडुजी झाली तर खिंडारे बुजविली जातील, कडा गुळगुळीत होतील आणि ‘पाडले’ या क्रियापदाचा शेवटचा पुरावाही जाईल. मला गडाचे नवेपण नको आहे आणि त्याचे रम्य मरणही नको आहे. त्याच्या जखमा वाचता येतील अशा अवस्थेत तो राहावा, एवढेच म्हणणे आहे.

मराठी विभागांनी काय करावे? पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ‘स्थानपोथी’ हाती घेऊन गाविलगड, नरनाळा आणि अचलपूरचा हौजकटोरा येथे जावे आणि त्याच रीतीने आजची नोंद करावी : कोणता दरवाजा कोणत्या दिशेस, काय उभे आहे, काय पडले, काय पाडले. परिसरातील कोरकू व गवळी वस्त्यांतील माणसे या जागांना कोणत्या नावांनी ओळखतात, ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे. निसर्गवर्णनाचा पाठ शिकविताना त्या प्रदेशाची चित्रेही वर्गात आणावीत आणि ‘या चित्रात कर्ता कोठे आहे?’ असे विचारावे. चित्रकारांना उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु त्यांच्या पाठीशी वाक्य उभे करणे हे आपलेच काम आहे. रायगडाच्या चित्रकाराला ते वाक्य आयते मिळते. गाविलगडाच्या चित्रकाराला ते मिळालेले नाही, आणि ही उणीव त्याची नसून आपली आहे.